संगणकखात्याचे अंदाजपत्रक : खर्चाचा आणि जबाबदारीचा हिशेब



जानेवारी महिना उजाडला की प्रत्येक कंपनीच्या मुख्य कचेरीत एक ठरावीक दृश्य दिसू लागते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपावयाचे असते आणि निरनिराळ्या खात्यांचे प्रमुख पुढील वर्षाच्या मागण्या घेऊन वित्त-अधिकाऱ्यासमोर बसतात. उत्पादनप्रमुख नवे लेथ यंत्र मागतो. ते यंत्र दिवसाला किती नग काढील हे त्याला सांगता येते आणि समोरच्यालाही ते समजते. विक्रीप्रमुख प्रवासखर्च मागतो, त्याचेही प्रयोजन उघड असते. शेवटी संगणकखात्याचा प्रमुख येतो. त्याच्या कागदावर परवान्यांचे नूतनीकरण, सर्व्हरची बदली, बॅकअपची साठवण, जाळ्याची सुरक्षा असे शब्द असतात. यांतील एकही वस्तू डोळ्यांना दिसत नाही. परिणामी ही मागणी एक तर न समजल्यामुळे कापली जाते, नाही तर न समजल्यामुळेच घाबरून मंजूर केली जाते. या दोन्ही निर्णयांत विचाराचा भाग थोडा असतो. माहिती-तंत्रज्ञानाचे वार्षिक अंदाजपत्रक तिसऱ्या, म्हणजे समजून-उमजून घेतलेल्या निर्णयापर्यंत कसे न्यावे, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय होय.

हा प्रश्न नेहमीच इतका गुंतागुंतीचा नव्हता. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५० नंतरच्या दशकात देशातील पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक आला. त्यानंतर साठीच्या दशकात काही मोठ्या कंपन्यांनीही संगणक आणले. त्या काळी आयबीएमसारख्या कंपनीची यंत्रे सामान्यतः भाड्याने मिळत. यंत्र, त्याची देखभाल, त्यावरील प्रणाली आणि शिकवणारा माणूस या सर्वांचे मिळून बहुतांशी ठरलेले मासिक भाडे असे, आणि अंदाजपत्रकात ती एकच ओळ पुरे. १९६९ साली आयबीएमने सॉफ्टवेअर आणि सेवा यांची किंमत यंत्रापासून वेगळी करण्याचे जाहीर केले आणि एका ओळीच्या अनेक ओळी झाल्या. पुढे छोटे संगणक मेजामेजांवर पोहोचले तशी भाड्याची जागा मालकीने घेतली. २००६ साली ॲमेझॉनने साठवण आणि संगणनशक्ती इंटरनेटवरून भाड्याने देण्यास आरंभ केला. आज ज्याला क्लाउड म्हणतात त्या व्यवहाराची ही व्यापारी सुरुवात. म्हणजे चक्र फिरून पुन्हा भाड्यापाशी आले. मात्र जुने भाडे घरभाड्यासारखे होते, नवे भाडे विजेच्या मीटरसारखे आहे. किती जळेल हे वापर करणाऱ्याच्या हाती असते, आणि तेथेच अंदाज करणाऱ्याची अडचण सुरू होते.

खर्च कसा वाढत जातो याचा एक जुना परंतु अद्यापि उपयोगी आराखडा रिचर्ड नोलन या अमेरिकन अभ्यासकाने १९७३ साली मांडला. कंपनीच्या संगणकखर्चाचा आलेख सरळ रेषेत न चढता इंग्रजी एस अक्षरासारखा चढतो, असे त्याचे प्रतिपादन होते. आरंभी खर्च थोडा असतो. नंतर एका खात्याचे पाहून दुसरे खाते संगणक मागते. या अवस्थेला नोलनने संसर्ग असे नाव दिले होते. खर्च हाताबाहेर जाताच व्यवस्थापन जागे होते आणि कडक नियंत्रण लादते. अखेरीस अलग अलग कामे एकमेकांशी जोडली जाऊन घडी बसते. १९७९ साली त्याने याच चार अवस्थांच्या सहा केल्या. या आराखड्यावर पुढे पुष्कळ टीका झाली. तथापि त्यातील एक गोष्ट अनुभवास उतरते. ती अशी की, बहुतेक कंपन्यांमध्ये अंदाजपत्रकाचा विचार प्रथम नियंत्रणाच्या अवस्थेत, म्हणजे खर्चाची भीती वाटू लागल्यावर सुरू होतो. भीतीतून जन्मलेले अंदाजपत्रक फक्त कापणे जाणते, बेत आखणे जाणत नाही.

कापण्याइतकीच रूढ असलेली दुसरी सवय म्हणजे गतवर्षीच्या आकड्यात दहा टक्के मिळवणे. ही रीत किती फसवी आहे हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. यंत्रांचे सुटे भाग तयार करणारी, तीन कारखाने असलेली एक मध्यम कंपनी घ्यावी. तिच्याकडे ४५० संगणक आहेत आणि गेल्या वर्षी तिचा एकूण माहिती-तंत्रज्ञान खर्च ३ कोटी ६० लाख रुपये झाला. दहा टक्के मिळवून यंदा ३ कोटी ९६ लाख मंजूर झाले, म्हणजे ३६ लाखांची वाढ झाली. वरकरणी हे औदार्यच दिसते. आता संगणकांची वये पाहावीत. एक संगणक पाच वर्षे वापरावयाचा असे धोरण असेल तर दर वर्षी ९० संगणक बदलावे लागतात. एकाची किंमत ६० हजार धरल्यास हा खर्च ५४ लाख होतो. परंतु मागील दोन वर्षे मंदीचे कारण सांगून एकही संगणक बदललेला नाही. तेव्हा यंदा ९० नव्हे, तर २७० संगणक बदलीस आले आहेत आणि त्यांना १ कोटी ६२ लाख रुपये लागतील. दोन वर्षांत १ कोटी ८ लाखांची बचत झाली असे जे अहवालात लिहिले गेले, ते प्रत्यक्षात कर्ज होते. ते कोणत्याही ताळेबंदात दिसले नाही, एवढेच. ३६ लाखांची वाढ या कर्जाच्या तुलनेत कोठे पुरणार?

कित्येकदा असे कर्ज फेडण्याचा तगादा बाहेरून येतो. विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. त्यानंतरही जुन्याच प्रणालीवर राहू इच्छिणाऱ्या कंपन्यांसाठी सुरक्षा-दुरुस्त्यांचे जे दर जाहीर झाले ते बोलके आहेत. दर यंत्रामागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा दुप्पट. तिन्ही वर्षांची बेरीज ४२७ डॉलर होते. डॉलरचा भाव ८५ रुपये धरला तर ही रक्कम ३६ हजार रुपयांवर जाते. वरील उदाहरणातील नव्या संगणकाच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक पैसे द्यावयाचे आणि हाती राहावयाचा तो जुनाच संगणक! दिरंगाईचे व्याज इतक्या स्पष्ट आकड्यांत क्वचितच छापलेले आढळते.

यास्तव अंदाजपत्रकाचा आरंभ आकड्यापासून न होता यादीपासून व्हावयास हवा. कोणती यंत्रे आहेत, ती कधी घेतली, कोणाकडे आहेत, कोणते सॉफ्टवेअर किती जणांसाठी घेतले आहे, कोणता करार कोणत्या महिन्यात संपतो, हे एका वहीत असले पाहिजे. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच ते टाळले जाते. परंतु ही यादी जेथे प्रामाणिकपणे केली जाते तेथे ती पहिल्याच वर्षी आपला खर्च भरून काढू शकते. नोकरी सोडून गेलेल्या माणसांच्या नावे चालू राहिलेले परवाने, बंद झालेल्या शाखेची अद्यापि चालू असलेली इंटरनेट जोडणी, एकाच कामासाठी दोन खात्यांनी स्वतंत्रपणे घेतलेली दोन सॉफ्टवेअरे, अशा गोष्टी यादी करतानाच सापडतात. खात्यांनी संगणकविभागाला न विचारता परस्पर घेतलेल्या सेवाही याच वेळी उजेडात येतात. त्यांवर लगेच बडगा उगारू नये. गरज असूनही वेळेवर मिळाले नाही म्हणूनच माणूस परस्पर घेतो, आणि ती गरज अंदाजपत्रकात नोंदवली गेली पाहिजे.

यादी तयार झाल्यावर खर्चाचे तीन भाग करावेत. जे आहे ते चालू ठेवण्याचा खर्च हा पहिला भाग होय. यात पगार, देखभाल-करार, परवाने, जोडण्या आणि जुन्या यंत्रांची नियमित बदली येते. वाढत्या कामासाठी लागणारा खर्च हा दुसरा. नवे गोदाम उघडले तर तेथे संगणक आणि जोडणी लागणारच. तिसरा भाग म्हणजे कामाची पद्धतच बदलण्यासाठी करावयाचा खर्च. पहिला भाग सहसा सर्वांत मोठा असतो आणि संचालकांना तोच सर्वांत अप्रिय वाटतो, कारण त्यातून नवे काही दिसत नाही. परंतु कारखान्याचे छप्पर गळू नये म्हणून केलेल्या डागडुजीतूनही नवे काही दिसत नसते. तिन्ही भाग एकाच बेरजेत मिसळले की नव्या प्रकल्पाच्या उत्साहात डागडुजीचे पैसे वळवले जातात, आणि मग त्या नव्या प्रकल्पावरच छप्पर गळू लागते.

या ठिकाणी शून्याधारित अंदाजपत्रकाचा उल्लेख करणे योग्य ठरेल. टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत काम करणाऱ्या पीटर पिर याने ही पद्धत १९७० साली एका लेखाद्वारे प्रसिद्धीस आणली. गतवर्षीचा आकडा गृहीत न धरता प्रत्येक खर्चाचे समर्थन शून्यापासून करावे, असे तिचे सूत्र आहे. सूत्र उत्तम असले तरी ते सर्व खर्चाला दर वर्षी लावणे कोणाही माणसाच्या आवाक्यातले नाही. यातून मधला मार्ग काढता येतो. दर वर्षी खर्चाच्या एक-तृतीयांश बाबी शून्यापासून तपासाव्यात, म्हणजे तीन वर्षांत संपूर्ण अंदाजपत्रकाची एक फेरी पुरी होते.

भांडवली आणि महसुली खर्चातील भेद हा पुष्कळ गैरसमजांचे मूळ आहे. संगणक विकत घेतला की पैसा त्याच वर्षी हातातून जातो, पण नफातोटा पत्रकात तो घसाऱ्याच्या रूपाने काही वर्षांत विभागून येतो. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात मेजावरील संगणक आणि लॅपटॉप यांचे उपयुक्त आयुष्य ३ वर्षे, तर सर्व्हर आणि जाळ्याची यंत्रे यांचे ६ वर्षे धरले आहे. आयकराचा हिशेब याहून वेगळा असतो. त्यात संगणकावरील घसाऱ्याचा दर २०१७-१८ या वर्षापासून ६० टक्क्यांऐवजी ४० टक्के करण्यात आला, आणि यंत्र वर्षात १८० दिवसांहून कमी वापरले गेले तर त्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. म्हणून खरेदी ऑक्टोबरच्या आरंभापूर्वी झाली की मार्चअखेरीस झाली, यालाही महत्त्व येते. शिल्लक रक्कम परत जाऊ नये म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईने केलेली खरेदी या दृष्टीनेही तोट्याची ठरते.

स्वतःचे सर्व्हर सोडून क्लाउडकडे वळणाऱ्या कंपनीने हा भेद विशेष लक्षात ठेवावा. तेथे भांडवली खर्च जवळजवळ नाहीसा होतो, परंतु भाड्याची रक्कम सामान्यतः त्या त्या वर्षाचा खर्च म्हणून पूर्णपणे दाखवावी लागते. तेव्हा एकूण व्यवहार फायद्याचा असूनही चालू खर्च अचानक फुगलेला दिसतो. ही गोष्ट वित्त-अधिकाऱ्याला आधी सांगितली नाही तर वर्षाअखेरीस ती आरोपासारखी पुढे येते. शिवाय मीटर सतत फिरत असते. चाचणीसाठी घेतलेला सर्व्हर आठवड्यातून सहा दिवस, रोज दहा तास कामात असेल तर ते ६० तास होतात. आठवड्याचे तास मात्र १६८ असतात. तो बंद करण्याची व्यवस्था नसेल तर उरलेल्या १०८ तासांचे, म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश भाडे वाया जाते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अनेक सेवांचीही आकारणी अशीच वापरावर होते. तेथे प्रथम मर्यादित प्रयोग करावा, दर कामामागे किती खर्च आला ते मोजावे आणि त्यावरून वर्षाचा अंदाज बांधावा, हाच सुरक्षित क्रम होय.

परवान्यांच्या बाबतीत आणखी दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. मोठ्या व्यावसायिक सॉफ्टवेअरच्या वार्षिक देखभालीचा आकार बहुधा मूळ परवाना-शुल्काच्या २० ते २२ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे पाच वर्षांत मूळ किमतीइतकी रक्कम पुन्हा द्यावी लागते. खरेदीच्या दिवशी सौदा करताना ही दुसरी किंमत विसरली जाते. दुसरे असे की, अनेक करार डॉलरमध्ये असतात. २०२२ च्या आरंभी डॉलर सुमारे ७४-७५ रुपयांना मिळत होता, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो ८२ रुपयांपलीकडे गेला. कंपनीने एकही परवाना अधिक घेतला नसता तरी तिचा खर्च सुमारे दहा टक्क्यांनी वाढला असता. विक्रेत्याचे धोरणही बदलू शकते. व्हीएमवेअर ही कंपनी नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवाने विकणे बंद करून केवळ वर्गणीची पद्धत लागू केली. ज्यांचे सर्व कामकाज त्या एकाच प्रणालीवर उभे होते त्यांना पर्याय शोधण्यास पुरेसा अवधी राहिला नाही. म्हणून विनिमयदरासाठी वेगळी तरतूद करावी आणि प्रत्येक मोठ्या कराराच्या नोंदीपुढे तो सोडावयाचा झाल्यास किती काळ आणि किती पैसा लागेल तेही लिहून ठेवावे.

काही खर्च असे आहेत की ज्यांच्याविषयी निवड उरलेली नाही. वस्तू आणि सेवा कराखालील ई-बीजक पद्धत ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांपासून सुरू झाली आणि ऑगस्ट २०२३ पर्यंत ती मर्यादा ५ कोटींपर्यंत खाली आली. १ एप्रिल २०२३ पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षांसाठी कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे सक्तीचे झाले. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक स्वरूपाच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या कायद्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. अशा बाबी अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवाव्यात, जेणेकरून कात्री चालवणाऱ्याचा हात तेथे चुकूनही पडणार नाही.

कायदा ज्याची सक्ती करत नाही परंतु ज्यावाचून धंदाच उभा राहू शकत नाही, अशा खर्चाचे महत्त्व २०१७ सालच्या एका घटनेने जगाला दाखवून दिले. त्या वर्षीच्या २७ जून रोजी नॉटपेट्या नावाचा विध्वंसक प्रोग्राम युक्रेनमधून पसरला आणि काही तासांत मेर्स्क या डॅनिश जहाज-कंपनीचे जगभरचे संगणक निकामी झाले. मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील, त्याच उद्योगसमूहाकडून चालवल्या जाणाऱ्या कंटेनर टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. पुढे कंपनीच्या अध्यक्षांनी सांगितले की, दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. कंपनीने आपले नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या दरम्यान असल्याचे जाहीर केले. या कथेतील सर्वांत मननीय भाग पुढेच आहे. कोणत्या वापरकर्त्याला कोणता अधिकार आहे याची नोंद ठेवणारे कंपनीचे मध्यवर्ती सर्व्हर परस्परांच्या प्रती जपत असत. एक बिघडला तर दुसरा आहेच, अशी ती रचना होती. सर्व एकदमच नष्ट होतील ही शक्यता तीत धरलेली नव्हती. अखेर एकच प्रत घानामध्ये सुरक्षित सापडली, आणि तीही एवढ्याचसाठी की हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेल्यामुळे तो सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता.

एवढ्या मोठ्या उद्योगाला जे वीज जाण्याच्या योगायोगाने मिळाले, ते जाळ्यापासून अलग ठेवलेला एक बॅकअप देऊ शकला असता. मध्यम कंपनीच्या अंदाजपत्रकात अशा अलग बॅकअपची रक्कम एकूण खर्चाचा लहानसा अंश असते. तरीही कपातीच्या यादीत ती पुष्कळदा वरच्या क्रमांकावर असते, कारण ती कापल्याने उद्या सकाळी कोणाचेही काम अडत नाही. येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बॅकअप घेणे आणि त्यातून माहिती परत उभी करून पाहणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामासाठी माणसांचे तास लागतात आणि ते तासही अंदाजपत्रकात मांडावे लागतात. वर्षातून दोन वेळा परत उभारणीचा सराव न करणाऱ्या कंपनीकडे बॅकअप आहे असे म्हणण्यापेक्षा बॅकअपची आशा आहे असे म्हणणेच अधिक सत्य ठरेल.

आता नव्या प्रकल्पांकडे वळावयास हरकत नाही. रॉबर्ट सोलो या अर्थशास्त्रज्ञाने १९८७ साली असे निदर्शनास आणले होते की, संगणकयुग सर्वत्र दिसत असले तरी उत्पादकतेच्या आकडेवारीत ते दिसत नाही. पुढील अभ्यासांनी या कोड्याचा काहीसा उलगडा केला. यंत्र घेतल्याने उत्पादकता वाढत नाही. त्यासोबत कामाची रीत बदलावी लागते, माणसांना शिकवावे लागते, आणि याला पैसा व काळ दोन्ही लागतात. म्हणून नव्या प्रकल्पाचा प्रस्ताव संगणकखात्याने एकट्याने मांडू नये. गोदामातील साठा कमी होणार असेल तर तो किती कमी होणार, याची ग्वाही गोदामप्रमुखाने द्यावी आणि वर्षभराने तिचा हिशेबही त्यालाच विचारला जावा. फायद्याचा धनी ज्या प्रस्तावाला सापडत नाही तो प्रस्ताव एक वर्ष थांबवल्याने सहसा नुकसान होत नाही.

माणसांविषयीचा खर्च अंदाजपत्रकात पगाराच्या एका ओळीत संपवला जातो, हेही सदोष आहे. पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेला पगारपत्रकाचा प्रोग्राम फक्त एकाच माणसाला समजतो आणि तो माणूस दोन वर्षांनी निवृत्त होणार आहे, अशी स्थिती अनेक कंपन्यांत आढळते. त्याच्या ज्ञानाची लेखी नोंद करून घेणे आणि दुसऱ्याला तयार करणे हे काम सहा महिन्यांचे असते. त्यासाठी तरतूद केली नाही तर निवृत्तीच्या समारंभानंतरच्या पहिल्या पगारवाटपाच्या वेळी त्याची किंमत कळते, आणि ती कारखान्यातील प्रत्येक कामगाराला मोजावी लागते.

हे सर्व वेळापत्रकात बसवणे कठीण नाही. ऑक्टोबरात यादी पुरी करावी. नोव्हेंबरात खातेप्रमुखांना भेटून पुढील वर्षाची कामे समजून घ्यावीत. त्यांना कोणते यंत्र हवे असे न विचारता कोणते काम अडते असे विचारावे. डिसेंबरात दरपत्रके मागवावीत आणि संपणाऱ्या करारांविषयी बोलणी सुरू करावीत. जानेवारीत पहिला मसुदा सादर करावा. १ फेब्रुवारीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात शुल्क किंवा करांत बदल झाल्यास त्याप्रमाणे आकडे दुरुस्त करावेत आणि मार्चमध्ये संचालक मंडळाची मंजुरी घ्यावी. एकूण रकमेच्या ५ ते १० टक्के रक्कम अकल्पित गोष्टींसाठी राखून ठेवावी, परंतु ती वापरण्याचा अधिकार कोणाला आहे हे आधीच ठरलेले असावे. दर तिमाहीस प्रत्यक्ष खर्चाशी ताडून पाहावे. अंदाज चुकणे हा दोष नव्हे, तो का चुकला हे न शोधणे हा मात्र दोष होय.

अखेरीस एक सूचना, आणि तीच या व्याख्यानाचे सार मानावयास हरकत नाही. अंदाजपत्रकाला एक शेवटचे पान जोडावे आणि त्यावर या वर्षी न करावयाच्या खर्चांची यादी द्यावी. कोणती मागणी नाकारली, त्यामुळे कोणता धोका पत्करला, तो प्रत्यक्षात आला तर कोणते काम किती दिवस थांबेल, एवढेच त्यात लिहावे. त्या पानाखाली निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याची सही असावी. कोणतीही कंपनी सर्व मागण्या मान्य करू शकत नाही. साधने मर्यादित असतात आणि नकार देणे हा व्यवस्थापनाचा अधिकारच नव्हे तर कर्तव्यही आहे. परंतु नकार जर लेखी नसेल तर संकटाच्या दिवशी त्याचा मालक सापडत नाही. मग रात्रभर बसून बिघडलेला सर्व्हर उभा करणाऱ्या कनिष्ठ तंत्रज्ञाच्या माथी दोष मारला जातो, जरी त्याच तंत्रज्ञाने वर्षापूर्वी तो सर्व्हर बदलण्याची मागणी केलेली असली तरी.

हे पान जेथे लिहिले जाईल तेथे एक शांत बदल घडून येईल. सही करण्यापूर्वी अधिकारी दोन प्रश्न अधिक विचारील, संगणकप्रमुख आपली मागणी अधिक सोप्या भाषेत मांडू लागेल, आणि काही बाबी त्या पानावरून उचलल्या जाऊन मंजूर खर्चांच्या पानावर जातील. उरलेल्या बाबींचा धोका सर्वांच्या माहितीने पत्करलेला असेल. अंदाजपत्रकाकडून याहून अधिक अपेक्षा करता येत नाही, आणि याहून कमी अपेक्षेवर समाधान मानण्याचे कारणही नाही.